तिकीट विकताना तोंड शिवलं होतं का?

मागच्या वर्षी एका रात्री पावणेतीनला फोन वाजला. पलीकडे आपल्याच भागातले एक शेतकरी काका, नागपूर विमानतळावरून. आवाज रडवेला. "भाऊ, पोराला आत घेऊन नाही राह्यले. व्हिसा नाही म्हणतात. व्हिसा तर हातात आहे ना!"

व्हिसा होता, खरंच होता. पोराला मध्य आशियातल्या एका देशात एमबीबीएसला ॲडमिशन मिळालेली. त्या देशाचा व्हिसा होता. नव्हता तो अमिरातीचा. एजंटानं तिकीट काढून दिलं होतं नागपूर ते शारजा एका कंपनीचं आणि पुढं दुबईहून दुसऱ्या कंपनीचं. दोन तिकिटं, दोन पीएनआर, दोन विमानतळ. "काका, एकत्र तिकिटापेक्षा नऊ हजार वाचवून दिले तुमचे," असं वर सांगितलं.

आता शारजाहून दुबईला जायचं म्हणजे विमानतळाच्या बाहेर पाय टाकायचा. म्हणजेच अमिरातीत प्रवेश करायचा. अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्या भारतीयाला तिथं पोचल्यावर व्हिसा मिळतो. आपल्या पोराकडं तसं काही नव्हतं, त्याला तो आधीच काढायला हवा होता. हे त्याला कुणी सांगितलं? काउंटरवरच्या मुलीनं, विमान सुटायला दोन तास असताना. विमान गेलं, पोरगं राहिलं. पुढचं तिकीटही 'नो शो' म्हणून बुडालं. सोयाबीनचे पैसे होते ते.

मंडळी, ही भानगड नीट समजून घ्या, कारण आता घरटी नाही तरी गल्लीत एक तरी लेकरू परदेशात आहे.

एकाच तिकिटावर दोन विमानं असली तर साधारणपणे बॅग नागपूरला दिली की शेवटच्या गावाला मिळते. मधल्या विमानतळावर तुम्ही आतल्या आत एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जाता. बऱ्याच देशांत त्याला व्हिसा लागत नाही. पण तिकिटं वेगवेगळी असली की दुसरी कंपनी तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. बॅग मधल्या गावाच्या पट्ट्यावर येते आणि तो पट्टा असतो इमिग्रेशनच्या पलीकडं. बॅग घ्यायची तर त्या देशात शिरावं लागतं. शिरायचं तर व्हिसा लागतो. सगळी गोम इथं आहे.

आपल्या डोक्यात असते एसटी. बीबीहून मेहकरला उतरलो आणि दुसरी गाडी धरली, तर मेहकरवाला आपल्याला परवाना मागत नाही. विमानात तो मागतो. ही गोष्ट शेतकऱ्याला ठाऊक नसणं समजू शकतो. तिकीट विकून पोट भरणाऱ्याला ठाऊक नसणं कसं समजायचं?

आणि हे फक्त अमिरातीचं नाही. अमेरिकेत तर एकाच तिकिटावर गेलात तरी सुटका नाही. तिथं 'आतल्या आत' विमान बदलायची सोयच नाही, प्रत्येकाला इमिग्रेशनमधून जावं लागतं. मेक्सिकोला जाताना नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा पाहिजे. कॅनडा भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा मागतो. ब्रिटनही मागतो, काही सवलती सोडल्या तर. युरोपात पॅरिसला उतरून फ्रँकफुर्टमार्गे टोरंटोला निघालात, तर पॅरिसलाच तुम्ही शेंगेन हद्दीत शिरलात. तिथं नुसता विमानतळाचा ट्रान्झिट व्हिसा चालत नाही. जानेवारी २०२६ मध्ये जर्मनीनं भारतीयांना विमानतळावर व्हिसाशिवाय ट्रान्झिट द्यायचं जाहीर केलं, तेव्हा व्हॉट्सॲपवर लाडू वाटले गेले. पण ती सवलत आतल्या आत विमान बदलणाऱ्याला. बॅग घ्यायला बाहेर पडणाऱ्याला तिचा उपयोग शून्य.

पासपोर्टची किंमत काय असते ते डिसेंबर २०२४ मध्ये दिसलंच. मुंबईहून मँचेस्टरला जाणारे प्रवासी बिघाडामुळं कुवेतला उतरले. इतर देशांच्या पासपोर्टवाल्यांना हॉटेल मिळालं आणि आम्ही विमानतळावरच तासन्‌तास पडून राहिलो, अशी जाहीर तक्रार आपल्या प्रवाशांनी केली. शेवटी भारतीय दूतावासाला मध्ये पडावं लागलं. एका तिकिटावरच्या, कंपनीची जबाबदारी असलेल्या माणसांची ही गत. मग दोन तिकिटांवरच्या आपल्या पोराला कोण विचारतो?

आता मुद्द्याचं. काउंटरवरची ती मुलगी दुष्ट नव्हती. कागदपत्र नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड बसतो. ब्रिटनमध्ये तो माणशी २,००० पौंड आहे. आपल्या देशानंही २००० साली कायदा करून असा प्रवासी भारतात आणणाऱ्या कंपनीला तेव्हा एक लाखाचा दंड ठेवला होता. म्हणून कंपन्या 'टिमॅटिक' नावाच्या प्रणालीत बघतात. पासपोर्ट कुठला, जायचं कुठं, मध्ये थांबा कुठं हे टाकलं की व्हिसा लागतो की नाही ते समजतं.

म्हणजे माहिती आहे! मग पहाटे तीनला काउंटरवर जी माहिती दिसते, ती दुपारी तीनला दुकानात का दिसत नाही? की बघितलीच जात नाही, कारण बघितली तर गिऱ्हाईक जाईल? कंपनीला दंडाची भीती आहे म्हणून ती बघते. विकणाऱ्याला कसलीच भीती नाही, म्हणून तो बघत नाही. एवढं साधं गणित आहे.

यावर उत्तर ठरलेलं. "अटींमध्ये लिहिलेलं असतं, प्रवाशाची जबाबदारी असते." असते ना, नाही कोण म्हणतं! आपणही स्वस्त म्हटलं की डोळे मिटून पैसे टाकतो, हेही कबूल. पण इंग्रजीतल्या बारीक अक्षरांत, चौदाव्या पानावर लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे. ती अंग काढून घ्यायची तयारी आहे. सगळेच एजंट असे नाहीत. नीट समजावून, गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल म्हणून खरं बोलणारेही मला ठाऊक आहेत. नियम झाला तर फायदा त्यांचाच आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या.

१) वेगवेगळी तिकिटं जोडून विकली तर पावतीवर मराठीत, ठळक अक्षरांत लिहा: ही स्वतंत्र तिकिटं आहेत, बॅग मध्ये घ्यावी लागेल, अमुक देशाचा व्हिसा लागेल. खाली ग्राहकाची सही. वेबसाइटलाही हेच बंधन.

२) पंजाबनं २०१२ मध्ये अशा एजंटांसाठी परवान्याचा कायदा केला. आपल्याकडंही एजंटाचं नाव-गाव, परवाना दुकानाच्या भिंतीवर दिसला पाहिजे. आपले खासदार केंद्रात मंत्री आहेत. पोरं आपल्या जिल्ह्यातली जातात, तर विषयही आपल्या जिल्ह्यातून दिल्लीत गेला पाहिजे.

३) ही मागणी आपल्या स्वतःकडं. फसलात तर गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे बुलढाण्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

तोवर पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा. पीएनआर एक की दोन? बॅग कुठं मिळणार? विमानतळ बदलायचा आहे का? मधल्या देशाचा व्हिसा लागतो का? उत्तर तोंडी घेऊ नका, व्हॉट्सॲपवर लेखी मागा. लिहून द्यायला जो टाळाटाळ करील, त्याच्या दुकानातून उठा.

पोरगं आठ दिवसांनी गेलं. एकाच तिकिटावर, दुप्पट खर्च करून. काका एजंटाकडं जाब विचारायला गेले तर तो म्हणाला, "काका, पुढच्या वेळी डिस्काउंट देतो."

काकांनी चहासुद्धा घेतला नाही. निघून आले.

ज्यांच्या घरचं कुणी जाणार आहे, त्यांच्यापर्यंत हे पोचवा. आणि तुमच्यासोबत असं घडलं असेल तर खाली लिहा. नावं नका टाकू, कागद जपून ठेवा.