शिधापत्रिकेवरचे कुटुंब आणि रक्ताचे कुटुंब
विशेष प्रतिनिधी, पुणे

कर्करोगाच्या उपचारांकडे सरकारचे लक्ष नाही, अशी तक्रार आता पूर्वीइतकी सरसकट करता येणार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण प्रतिकुटुंब पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा आणि ते सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सर्वंकष कर्करोग धोरणाला मान्यता दिली. टाटा मेमोरियल शिखरस्थानी असलेली १८ रुग्णालयांची त्रिस्तरीय साखळी आणि ती चालविण्यासाठी ‘महाकेअर’ ही संस्था, असा हा आराखडा आहे. मात्र या रचनेत एका माणसाला अद्याप जागा सापडलेली नाही. हा माणूस आजारी नाही. परंतु आईला किंवा वडिलांना ज्या सदोष जनुकामुळे कर्करोग झाला, ते जनुक त्याच्याकडेही आले असण्याची शक्यता निम्मी आहे.

एकूण कर्करोगांपैकी पाच ते दहा टक्के कर्करोग अशा आनुवंशिक दोषामुळे होतात. टक्केवारी लहान वाटते. पण देशात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्या आकड्याचे पाच टक्के धरले, तरी एका वर्षात, एकाच अवयवाच्या कर्करोगामुळे, साडेनऊ हजारांहून अधिक कुटुंबांच्या दारात हा प्रश्न येतो. प्रत्येक कुटुंबात बहिणी, भाऊ, मुले, मावश्या, मामा आले. रुग्ण एक असतो, प्रश्न मात्र दहा-पंधरा जणांचा असतो.

पुण्याचे मार्केट यार्ड या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. गुलटेकडीच्या या बाजारात आडते आहेत, तोलणार आहेत, हमाल आहेत, टेम्पोचालक आहेत, कांदा-बटाटा निवडणाऱ्या बायका आहेत. शेजारी हमालनगर आहे, तर बिबवेवाडीच्या बाजूला व्यापाऱ्यांच्या सोसायट्या आहेत. उत्पन्नात जमीन-अस्मानाचे अंतर असलेली ही माणसे एका बाबतीत सारखी आहेत. त्यांची नाती गावाकडे पसरलेली असून लग्ने ओळखीतल्या घरांत होतात आणि कोणाच्या घरात काय चालले आहे याची बातमी भावाच्या पट्टीइतक्याच वेगाने फिरते. अशा ठिकाणी ‘आमच्या रक्तात कर्करोग आहे’ हे वाक्य उच्चारणे किती अवघड असेल, हे वेगळे सांगायला नको.

कल्पना करावी, की येथल्या एका घरातील अडतीस वर्षांच्या बाईला अंडाशयाचा कर्करोग झाला. योजनेतून शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली. डॉक्टरांनी जनुकीय चाचणी करवून घेतली, कारण अहवालावर पुढील औषध ठरते. ‘ओलापॅरिब’सारखी औषधे बीआरसीए जनुकात दोष असलेल्या रुग्णांवर विशेष परिणामकारक ठरतात. अहवाल आला, बीआरसीए-१ मध्ये दोष निघाला, फायलीत लागला. येथपर्यंत व्यवस्था आपले काम करते आणि येथेच थांबते. तो कागद त्या बाईइतकाच तिच्या सासवडच्या बहिणीचा, बारामतीच्या मावशीचा आणि यार्डात गाडी चालविणाऱ्या भावाचाही आहे, हे त्या फायलीवर कोठेही लिहिलेले नसते.

योजनेच्या लेखी कुटुंब म्हणजे शिधापत्रिकेवरची नावे. लग्न झाले, की मुलीचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेवरून कमी होऊन सासरच्या शिधापत्रिकेवर चढते. धान्यासाठी ही पद्धत ठीक आहे. आनुवंशिक आजाराच्या बाबतीत मात्र ती उलटी पडते. सासू आणि सून एका कार्डावर येतात, त्यांचा रक्ताचा संबंध नसतो. सख्ख्या बहिणी दोन तालुक्यांतल्या दोन कार्डांवर जातात, त्यांचा धोका एकच असतो. बहिणीला उद्या कर्करोग झाला तर सासरच्या कार्डावर तिला उपचार मिळतील. तो होऊ नये म्हणून आज तिला बोलावणारे कोणी नाही. शिवाय तपासणीसाठी पैसे आणि परवानगी दोन्ही ज्या घरातून मिळवायची, नेमक्या त्याच घरात ही गोष्ट सांगण्याची तिला धास्ती असते.

वास्तविक धोका कळल्यास हातात बरेच काही असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार बीआरसीए-१ चा दोष असलेल्या स्त्रियांना वयाच्या ८० व्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के, तर अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के असते. बीआरसीए-२ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ६९ व १७ टक्के आहे. अशा स्त्रियांनी पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचे एमआरआय आणि तिशीपासून त्याबरोबर मॅमोग्राफी करावी, अपत्ये झाल्यावर साधारण पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान अंडाशय व बीजवाहिन्या काढून टाकण्याचा विचार करावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्र आहे. या शस्त्रक्रियेने अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी निगडित ‘लिंच सिंड्रोम’ असलेल्या घरांत विशी-पंचविशीपासून वर्षा-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी केली जाते.

आता याच्याशेजारी सरकारी तपासणी कार्यक्रम ठेवून पाहावा. तो तिशीनंतर सुरू होतो आणि त्यात प्रशिक्षित कर्मचाऱ्याकडून दर पाच वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी अपेक्षित असते. सर्वसामान्य स्त्रीसाठी ही सोय उपयुक्तच आहे. जिचा धोका पाचपट-सहापट आहे, तिच्यासाठी मात्र ही तपासणी उशिराची, विरळ आणि अपुरी ठरते. उपचार योजनांचा पाया रुग्णालयातील उपचार हा असल्याने निरोगी बाईच्या वार्षिक एमआरआयचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा, हा प्रश्न उरतोच.

पैशाचा अडसर आता पूर्वीइतका मोठा नाही, हेही नमूद केले पाहिजे. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये बीआरसीए-१ चे गुणसूत्रावरील स्थान दाखविले, १९९४ मध्ये ते जनुक हाती आले आणि पुढे जवळजवळ दोन दशके अमेरिकेत त्याच्या चाचणीवर मिरियड जेनेटिक्स या कंपनीची एकाधिकारशाही राहिली. नैसर्गिक जनुकाचे पेटंट घेता येत नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०१३ मध्ये दिला. त्याच्या महिनाभर आधी अभिनेत्री अँजेलिना जोली हिने आपल्या शस्त्रक्रियेविषयी जाहीरपणे लिहिले होते. त्यामुळे हा विषय जगभरच्या दिवाणखान्यांत पोहोचला. आज भारतीय प्रयोगशाळांतही अनेक जनुकांची एकत्रित चाचणी पाच आकडी रकमेत होते. कुटुंबातील नेमका दोष एकदा सापडला, की इतर नातेवाइकांना फक्त तेवढाच बदल शोधायचा असतो आणि ती चाचणी बरीच स्वस्त पडते. रोजंदारीवरच्या माणसाला तीही परवडत नाही, हा भाग वेगळा. पहाटे गाड्या खाली करणाऱ्या हमालाला रुग्णालयाची एक फेरी म्हणजे एक खाडा. समुपदेशन, रक्त देणे, अहवाल घेणे असे तीन खाडे धरले, तर चाचणी फुकट मिळूनही महाग पडते.

तज्ज्ञ सेवा पुण्याला अगदी अपरिचित आहे असेही नाही. स्तनाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या प्रशांती कॅन्सर केअर मिशनने पुण्याच्या आयसरबरोबर संशोधन केंद्र उभारले आहे. द्रुतगती मार्गाने खारघर गाठले, तर तेथील ‘अ‍ॅक्ट्रेक’ या टाटा मेमोरियलच्या केंद्रात डॉ. राजीव सरीन यांच्या पुढाकाराने आनुवंशिक कर्करोगावर दीर्घकाळ काम झाले आहे. अडचण आहे ती या बेटांपर्यंत नातेवाइकांना आणण्याची. प्रशिक्षित जनुकीय समुपदेशक देशात मोजके आहेत. आपल्याकडील रुग्णाच्या केसपेपरवर ‘कौटुंबिक इतिहास’ असा रकाना असतो. पण गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तो ‘विशेष काही नाही’ या तीन शब्दांत भरला जातो. विचारले तरी उत्तर सासरचे मिळते, माहेरचे राहून जाते. वडिलांकडून येणारा धोका तर बहुतेकांच्या गावीही नसतो. स्तनाच्या कर्करोगाचा पुरुषांशी काय संबंध, असे विचारणाऱ्या भावाला हे जनुक आपल्या मुलीला देता येते. शिवाय त्याला स्वतःलाही, विशेषतः बीआरसीए-२ मध्ये, प्रोस्टेटच्या आणि क्वचित स्तनाच्या कर्करोगाचा धोका असतो.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागेल. घरात तिघांना कर्करोग झाला म्हणजे तो आनुवंशिकच, असे नव्हे. तिघांनाही तोंडाचा कर्करोग झाला असेल, तर जनुकाआधी तंबाखूच्या चंचीकडे आणि मिश्रीच्या डबीकडे पाहावे. संशय घ्यावा तो स्तनाचा किंवा आतड्याचा कर्करोग पन्नाशीच्या आत झाला तर, अंडाशयाचा कोणत्याही वयात झाला तर, पुरुषाला स्तनाचा झाला तर, किंवा एकाच प्रकारचा रोग दोन-तीन पिढ्यांत दिसला तर. चाचणीचा निष्कर्षही नेहमी हो किंवा नाही असा येत नाही. अर्थ न लागणारे बदल भारतीयांत अधिक सापडतात, कारण तुलनेसाठी वापरले जाणारे माहितीसंच प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाची सुमारे दहा हजार भारतीयांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाल्याने ही उणीव हळूहळू कमी व्हावी. तोवर असा संदिग्ध अहवाल समजावून सांगणारा माणूस समोर नसेल, तर घाबरलेली बाई नको ती शस्त्रक्रिया करून घेण्याची भीती आहे.

कुटुंबे गप्प राहतात, त्याला निव्वळ अज्ञान म्हणून चालणार नाही. मुलीचे लग्न ठरायचे आहे, हे एक कारण आहे. विमा हे दुसरे. आयुर्विम्याच्या प्रस्तावपत्रात आई-वडील व भावंडांचे आरोग्य, मृत्यूचे वय आणि कारण विचारले जाते. आरोग्यविम्यातून ‘जनुकीय विकार’ सरसकट वगळणे हा भेदभाव आहे, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्सच्या प्रकरणात दिला. पाठोपाठ मार्चमध्ये विमा नियामकानेही कंपन्यांना तशी सूचना केली. निकाल हृदयविकाराच्या रुग्णाबाबत होता आणि त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही मिळाले. अमेरिकेने आरोग्यविमा व नोकरीत जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास २००८ मध्येच कायद्याने मनाई केली. आयुर्विमा मात्र तेथेही त्या कायद्याबाहेर राहिला. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यातही आरोग्याच्या किंवा जनुकीय माहितीला वेगळे, अधिक कडक कवच दिलेले नाही. हे कवच न देता ‘लपवू नका, तपासून घ्या’ असे सांगणे म्हणजे सारी जोखीम कुटुंबाच्याच माथी मारण्यासारखे आहे.

वैद्यकशास्त्राला या घराण्यांची ओळख करून दिली तीही कुटुंबांनीच. आपल्या घरातले सगळे कर्करोगाने जातात, मीही तशीच जाणार, असे मिशिगनमधील एका शिवणकाम करणाऱ्या बाईने १८९५ मध्ये अल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञाला सांगितले. त्याने तिच्या घराण्याची वंशावळ मांडून १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे ती बाई गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. तेच घराणे अर्ध्या शतकानंतर हेन्री लिंच यांच्या संशोधनाचा आधार ठरले. नेदरलँड्सने १९८५ मध्ये अशा घराण्यांची राष्ट्रीय नोंदवही ठेवणारी संस्था स्थापन केली. घराणे एकदा नोंदले गेले, की सदस्यांची नियमित तपासणी होते की नाही याचा पाठपुरावा होतो. आपल्याकडे मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून आहे, म्हणजे नोंद ठेवण्याची परंपरा जुनी आहे. पण ती रुग्ण मोजते, घराणी जोडत नाही.

या संदर्भात मार्केट यार्डाचाच एक जुना अनुभव उपयोगी पडावा. हमाल हा कोणा एका आडत्याचा नोकर नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. त्यामुळे तो कोणाचीच जबाबदारी नव्हता. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीसारख्या संघटनांच्या रेट्यानंतर आणि १९६९ च्या माथाडी कायद्यानंतर मंडळाकडे हमालाची नोंदणी, मजुरीवर लेव्ही आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस अशी व्यवस्था आली. मालक ठरत नसेल तर मंडळ जबाबदार, हे त्यामागचे तत्त्व. आनुवंशिक धोका असलेला निरोगी माणूसही आज असाच कोणाचा रुग्ण नाही, म्हणून कोणाची जबाबदारी नाही.

‘महाकेअर’ची यंत्रणा अद्याप आकार घेत असल्याने त्यात हा दुवा घालण्यास आताच वाव आहे. दोष सापडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या हाती नातेवाइकांना देण्यासाठी मराठीतले एक पत्र द्यावे, अशी पद्धत परदेशांतील अनेक केंद्रांत आहे. त्याला फारसा खर्च नाही. शिधापत्रिका कोणतीही असो, त्या पत्राच्या आधारे सख्ख्या नात्यातील सज्ञान व्यक्तींची एका बदलापुरती चाचणी योजनेतून व्हावी आणि दोष निघाल्यास वार्षिक तपासणी व प्रतिबंधक शस्त्रक्रिया पाच लाखांच्या मर्यादेत बसाव्यात, एवढी दुरुस्ती प्रशासकीय पातळीवर करता येण्याजोगी आहे. मुलांची चाचणी मात्र, रेटिनोब्लास्टोमासारखे बालपणीचे कर्करोग वगळता, सज्ञान होईपर्यंत करू नये, याबाबत तज्ज्ञांत एकमत आहे.

खर्चाचा हिशेब मांडताना वित्त विभागाला एक बाब विसरता येणार नाही. दोष निश्चित झालेल्या घरातील ज्या भावंडांची चाचणी होईल, त्यांतील साधारण निम्म्यांचा अहवाल ‘दोष नाही’ असा येईल. त्यांना ना वार्षिक एमआरआय लागणार, ना शस्त्रक्रिया. आईच्या वयाला पोहोचण्याची धास्ती घेऊन जगणाऱ्या या मुली सर्वसामान्य तपासणीकडे परत जाऊ शकतील आणि त्यांच्या मुलांना हा धोका त्यांच्याकडून मिळणार नाही. आज मात्र त्याही घाबरलेल्यांच्याच रांगेत उभ्या आहेत, कारण त्यांना कोणी बोलावलेलेच नाही.