आधी टायर बघा

कडा गावात नगर-बीड रस्ता सोडून वस्तीकडच्या पांदणीला लागलं की सायकलचा कस लागतो. मुरूम, त्यावर सुटे दगड, बांधाकडेला पडलेल्या वेड्या बाभळीच्या फांद्या आणि दिवाळीनंतर वाळून पसरलेले सराटे. अशा गावात सायकल घेताना पोरं गिअर मोजतात, पालक पुढचा शॉकअप दाबून बघतात, रंगावरून घरात वाद होतो. टायरवर हात फिरवून बघणारा क्वचितच. इथेच पैसे वाया जातात.

डोंगरी सायकलचा जन्मच टायरमुळे झाला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट तमालपाइसच्या उतारावरून काही तरुण जुन्या, जड सायकली भरधाव सोडायचे. त्यांना ना धड गिअर होते ना शॉकअप. होते ते दोन इंचांहून रुंद, फुगीर टायर, आणि त्यांच्याच जोरावर ते दगडधोंड्यांतून खाली उतरायचे. आपल्या माळालाही दोन इंचांच्या आसपासचा, २.१ इंचांपर्यंतचा टायर चांगला. फक्त तो फ्रेमला आणि ब्रेकला घासत नाही ना, हे दुकानातच चाक फिरवून बघावं. नक्षीच्या गुट्ट्या दाट असतील तर डांबरीवर सायकल हलकी पळते, पण काळ्या रानातला चिखल त्यांत भरून बसतो. विरळ गुट्ट्यांतून तो झडतो. दोन टायरांपैकी चांगला नेहमी पुढे घालावा. मागचा घसरला तर सायकल सावरता येते, पुढचा घसरला तर माणूस तोंडावर पडतो.

हवेबाबत आपल्याकडे एक हट्ट आहे : दगडासारखी टणक भरायची. डांबरीवर ते चालतं. सावरगावच्या मायंबा देवस्थानाकडे, गर्भगिरी डोंगराच्या दगडी वाटेनं चढताना तोच टायर उड्या मारतो, पकड सोडतो. टायरच्या कडेवर दाबाचे आकडे छापलेले असतात. खडबडीत वाटेवर त्यांतल्या किमान आकड्याच्या जवळ राहावं, त्याखाली मात्र जाऊ नये. हवा फार कमी झाली की दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. अशा दोन चिरा दिसल्या तर काट्याला दोष देऊ नका, हवा तपासा.

काट्यांचं मात्र खरंच अवघड आहे. सराटा मूळचा आपल्या बाजूचा. तो अमेरिकेत पोचला आणि तिथल्या सायकलस्वारांना आज रडवतो आहे. वेडी बाभूळ तिकडून इथे आली. तिचा लांब काटा चांगल्या जाड टायरलाही दाद देत नाही, म्हणून टायर आणि ट्यूबच्या मध्ये जुन्या ट्यूबची पट्टी घालायची आपल्या पंक्चरवाल्यांची रीत मला पूर्ण पटते. वजन थोडं वाढतं, वाढू द्यावं. ट्यूबमध्ये भरायचं औषधही मिळतं, पण ते काही महिन्यांत सुकतं आणि आपल्या उन्हात त्याहून लवकर. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. काट्याचं मोडकं टोक राहिलं असेल तर कापूस तिथे अडकतो. बोटाला ते कळतंच असं नाही, आणि राहिलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी ५,००० रुपये मिळतात. योजना चांगली आहे. पण वाटेत पंक्चर झालेली सायकल ढकलत शाळेत पोचलेल्या मुलीचा पहिला तास गेलेला असतो. म्हणून शाळांना आणि पालकांना विनंती आहे : ही सायकल घेताना मडगार्ड, बास्केट, रंग नंतर ठरवा. पैसे देण्याआधी टायर बोटांनी दाबून बघा, आणि मधली पट्टी दुकानातच घालून घ्या.