कोकणाला सहकार वर्ज्य आहे काय?

कोकणच्या मातीत सहकार रुजत नाही, कारण कोकणी माणूस मुळातच मानी, एकलकोंडा आणि भाऊबंदकीच्या दाव्यांत गुंतलेला असतो, हे मत महाराष्ट्रातील विकासचर्चेत इतके रूढ झाले आहे की त्याचा पुरावा मागण्याची गरजही कोणाला वाटेनाशी झाली आहे. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला, 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, तरीही मालवण-वेंगुर्ल्याकडचे तरुण मुंबईची किंवा गोव्याची वाट धरतात. याचे खापर मग माणसांच्या स्वभावावर फोडले जाते आणि पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचे उदाहरण पुढे केले जाते. हा पूर्वपक्ष निरीक्षण म्हणून अगदीच खोटा नाही, कारण प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केला तसा सहकारी उद्योग दक्षिण कोकणात उभा राहिला नाही. मात्र या निरीक्षणातून जो निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे.

तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही तर साखरेचा उतारा घटतो, त्यामुळे एका परिसरातले सर्व उत्पादक जवळच्या एकाच कारखान्याशी आपोआप बांधले जातात. तेथील सहकाराला पिकाच्या या गुणधर्माने मोठा हातभार लावला आहे. हापूसच्या बागायतदारावर असे बंधन नाही. तो आपली पेटी स्वतः वाशीच्या बाजारात धाडू शकतो, आणि हंगामाआधी दलालाकडून उचल, म्हणजे येणाऱ्या मालापोटी आगाऊ रक्कम, घेतलेली असल्यामुळे त्याला ती त्याच दलालाकडे धाडावीही लागते. त्यात खोतीच्या, म्हणजे वंशपरंपरेने गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या पद्धतीच्या, दीर्घ वारशाने जमिनीचे मालकी हक्क गुंतागुंतीचे करून ठेवले; आजही असंख्य सातबाऱ्यांवर सामाईक खातेदारांची लांबलचक नावे आहेत, त्यांतील निम्मे मुंबईत आहेत, आणि सर्वांच्या संमतीवाचून बँक तारण स्वीकारत नाही. अशा परिस्थितीत जो एकटा पडतो त्याला एकलकोंडा म्हणणे हा अन्याय आहे.

स्वभावाचाच पुरावा हवा असेल तर तो किनाऱ्यावर शोधावा. मालवण, देवगड आणि वेंगुर्ल्याच्या वाळूवर चालणारी रापण ही अत्यंत लांब जाळ्याने केली जाणारी सामूहिक मासेमारी आहे: होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडले जाते, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर राहतात आणि माणसांचे दोन तांडे ती टोके ओढत जाळे जमिनीला लावतात. हे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातले नाही, म्हणून रापणीचा संघ असतो आणि आलेल्या मासळीचे वाटे जाळ्याच्या भांडवलाला, होडीला व अंगमेहनतीला ठरलेल्या रीतीने मिळतात. सहकार कायद्याची पुस्तके ज्याला भागभांडवल व श्रमाचा मोबदला म्हणतात, ते येथे नोंदणीवाचून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ज्या समाजाने ही व्यवस्था टिकवली, त्याला एकत्र येता येत नाही असे म्हणणाऱ्याने रापणीची वाळू कधी तुडवली नसावी.

रापण आज संकटात आहे हे खरे, परंतु त्याचे कारण रापणकरांच्या आपसातल्या भांडणात नाही. पर्ससीन, म्हणजे मासळीच्या थव्याला वेढून तळाशी आवळले जाणारे जाळे, आणि प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करणाऱ्या नौका यांनी थवे किनाऱ्याला लागण्यापूर्वीच उचलले जातात. राज्य शासनाने फेब्रुवारी 2016 मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालून ती सप्टेंबर ते डिसेंबर या काळापुरती मर्यादित केली, आणि केंद्राने 2017 मध्ये दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी आणली. पण बांगड्याला राज्याची हद्द कळत नाही, आणि कर्नाटकातल्या मलपीकडच्या ट्रॉलरांचा येथील पारंपरिक मच्छीमारांशी होणारा संघर्ष एकट्या महाराष्ट्राच्या आदेशाने मिटणारा नाही. महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक 1 जून ते 31 जुलै ही पावसाळी बंदी एकाच वेळी पाळतात, म्हणजे समान नियम अशक्य नाही. तो दोन महिन्यांपुरताच का असावा, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

आंब्याच्या बाबतीतही पूर्वपक्ष टिकत नाही. 2018 मध्ये हापूसला मिळालेले भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशातल्या मालालाच ते नाव वापरण्याचा कायदेशीर हक्क, हे सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांचे सामाईक धन आहे, आणि ते मिळवण्यात दापोलीच्या कृषी विद्यापीठाबरोबर देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेचाही वाटा होता. परप्रांतीय आंबा ‘देवगड’ म्हणून विकला जाऊ नये यासाठी याच संस्थेने प्रत्येक फळावर ओळख क्रमांकाचे स्टिकर लावण्याची पद्धत आणली. एकट्या बागायतदाराला, त्याची बाग कितीही मोठी असली तरी, हे जमले नसते.

दुसरा आक्षेप असा की गावे एकत्र आली तरी राज्ये येत नाहीत. याला कोकण रेल्वे हेच उत्तर आहे: 1990 मध्ये स्थापन झालेल्या महामंडळात केंद्राचा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15 आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी 6 टक्के वाटा ठरला आणि 1998 मध्ये संपूर्ण मार्ग सुरू झाला. तिलारी धरणही महाराष्ट्र व गोवा यांनी मिळून बांधले. तेथील प्रकल्पग्रस्तांचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे रेंगाळला, आणि ही गोष्ट झाकून ठेवता कामा नये, कारण दोन सरकारांनी खर्च वाटून घेतला म्हणजे गावाला न्याय मिळतोच असे नाही; करारात गाव स्वतः पक्षकार असावे लागते.

येथेच शासकीय नियोजनाची खरी चूक दिसते. ‘चांदा ते बांदा’ योजनेने चंद्रपूर आणि सिंधुदुर्ग ही राज्याची दोन टोके एका सूत्रात गोवली, पण बांद्यापासून हाकेच्या अंतरावरचा गोव्यातला पेडणे तालुका राज्याबाहेरचा म्हणून विचारातही आला नाही. वास्तविक दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले आणि पलीकडचे पेडणे, डिचोली, सत्तरी हा काजूचा एकच पट्टा आहे. गोव्यात काजूबीला आधारभूत किंमत ठरते आणि बाजारभाव तिच्याखाली गेल्यास सरकार फरक भरून देते. महाराष्ट्राने 2024 च्या हंगामासाठी किलोमागे 10 रुपयांचे अनुदान दिले, जे आफ्रिकेतून येणाऱ्या कच्च्या बियांमुळे भाव कोसळत असताना तोकडेच होते. गोव्यात बोंडूपासून, म्हणजे काजूच्या रसाळ फळापासून, फेणी होते आणि तिला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सिंधुदुर्गात बहुतेक बोंडू झाडाखाली कुजतात. झाडे तीच, पाऊस तोच, आणि बहुतेक घरांच्या सोयरिकीही दोन्हीकडच्या असताना हे नुकसान केवळ हद्दीच्या दगडामुळे होते.

या सहा तालुक्यांतील उत्पादकांची एक संस्था स्थापण्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही, कारण बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम, 2002 अन्वये दोन राज्यांतील शेतकरी एकाच संस्थेचे सभासद होऊ शकतात. बियांची एकत्र साठवण, प्रक्रिया उद्योगांशी एकत्र भावबोलणी आणि बोंडूच्या रसाचे प्रक्रिया केंद्र ही तिची पहिली कामे ठरतील. दोन्ही सरकारांकडून लागेल ती उत्पादन शुल्काच्या नियमांत हद्दीपलीकडच्या बोंडूला सवलत, आणि लाभातील वाटे ठरवताना रापणीप्रमाणे मेहनतीचा वाटा भांडवलाच्या बरोबरीने मांडण्याची हमी.