घोषणा पुरे, पोच घ्या

तरुणांनी गावाच्या आरोग्यासाठी काय करावं, असं कुणी विचारलं की आपल्याकडे उत्तर तयार असतं: जनजागृती. मग प्रभातफेरी निघते. पुढे बॅनर, मागे पोरं, बाजूने शिट्टी घेतलेले पीटीचे सर. २४ मार्चला क्षयरोग, ७ एप्रिलला जागतिक आरोग्य दिन, १ डिसेंबरला एड्स. तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी, ऐन सुट्टीत येतो, म्हणून तो शाळा उघडल्यावर सवडीने उरकायचा. फेरी संपली की बिस्किटाचा पुडा वाटायचा आणि दोन फोटो वर पाठवायचे. कॉलेजात गेलात की हेच काम एनएसएसच्या शिबिरात पथनाट्य होऊन येतं. मंडळात गेलात की रक्तदान शिबिर होतं, आणि त्याच्या फ्लेक्सवर रक्तदात्यांपेक्षा भाऊंचा चेहरा मोठा असतो.

रक्तदानाला नावं ठेवायचं कारण नाही, ते व्हायलाच हवं. माझं भांडण आहे ते यामागच्या समजुतीशी. लोकांना कळत नाही म्हणून ते आजारी पडतात, तेव्हा शिकलेल्या पोरांनी त्यांना कळवावं, ही ती समजूत. विदर्भात पन्नीत खर्रा घोटत बसलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, याने कॅन्सर होतो हे माहीत आहे का. तो तुम्हाला त्याच्या ओळखीतली दोन नावं सांगेल आणि घोटत राहील. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यातले बहुतेक न ओढता, तोंडात धरणारे. ही माणसं अडाणी नाहीत. पुडीवरचं चित्र ती रोज बघतात. दवाखान्यातल्या बाळंतपणाचंही तेच. ते सुरक्षित असतं हे आता वाडीवरच्या आजीलाही पटलंय. प्रश्न रात्री दोनला गाडी येते का, हा आहे.

म्हणून तरुणांचं खरं काम गावाला शिकवण्याचं नाही, असं माझं मत आहे. गावाला जे कायद्याने आणि शासन निर्णयाने देय आहे, ते मिळतं का हे बघणं आणि मिळत नसेल तर कागदावर विचारणं, हे ते काम. त्यात टाळ्या नाहीत, टी-शर्ट नाही, म्हणून ते कुणी अंगावर घेत नाही.

देय काय आहे, ते एकदा नीट वाचा. १ जून २०११ला सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपणाचा एक पैसाही लागत नाही. घरून आणणं, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, सिझेरियन आणि बाळाला घेऊन घरी सोडणं, सगळं त्यात आलं. जेवणसुद्धा, साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवसांपर्यंत. आता एखाद्या आदिवासी पाड्यावर जाऊन नुकत्याच बाळंतीण झालेल्या चार जणींना विचारा: परत कशी आलीस? जीपने, भाडं देऊन. सरकारी गाडी होती, पण डिझेलला पैसे मागितले. जेवण? घरून डबा नेला. आपल्याला फसवलं गेलं, असं यातल्या एकीलाही वाटत नाही. कारण घरी सोडणं हा आपला हक्क आहे, हे दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं ते कपाटाच्या मागे. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत झालं, तेही असंच. निर्णय झाला, बातमी आली, आणि बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी चालूच राहिली.

ती बाहेरची चिठ्ठी कशी थांबवता येते, याचा धडा महाराष्ट्राने एकदा गिरवलेला आहे. २००७मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने त्याचं राज्यपातळीवर समन्वयन केलं. पद्धत साधी होती. गावातल्याच लोकांनी ठरावीक प्रश्नांची प्रश्नावली घेऊन बसायचं. नर्स वस्तीवर येते का, लसीकरण ठरल्या दिवशी होतं का, दवाखान्यात औषध मिळतं का, पैसे मागतात का, वागणूक कशी आहे. उत्तरांवरून प्रत्येक सेवेला रंग द्यायचा: हिरवा, पिवळा, लाल. हे रंगीत प्रगतिपुस्तक गावात लावायचं आणि मग जनसुनवाई घ्यायची. आयुष्यभर गावाला शेरे देणाऱ्या दवाखान्याला गावाने शेरा दिला, ही त्यातली खरी गंमत.

अशी एक जनसुनवाई मी जवळून पाहिली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात मांडव, एका बाजूला टेबलावर वैद्यकीय अधिकारी, तालुक्याचे साहेब, पंचायत समितीचे सभापती, समोर सतरंजीवर बाया. एक मध्यमवयीन बाई उठली. हातात कॅरीबॅग, तीत मेडिकलच्या बिलांच्या चिठ्ठ्या. तिला वाचता येत नव्हतं. शेजारच्या, कॉलेजात शिकणाऱ्या पोरीने उभं राहून एकेक चिठ्ठी वाचली: तारीख, औषधाचं नाव, रक्कम. आवाज चढवला नाही, विशेषण लावलं नाही. मांडव एकदम गप्प झाला. डॉक्टरांनी आधी घसा खाकरला, मग आपली फाईल उघडली आणि म्हणाले, “ही गोळी आमच्याकडेच आलेली नाही. मागणीपत्र गेलेलं आहे, ही त्याची प्रत.” सगळ्या माना तालुक्याच्या साहेबांकडे वळल्या. साहेबांनी पाणी मागितलं.

पुढे काय झालं यापेक्षा मला तो क्षण महत्त्वाचा वाटतो. तोवर गावाच्या मते दोषी डॉक्टर होते आणि डॉक्टरांच्या मते गाव अडाणी होतं. एका तारखेने आणि एका प्रतीने प्रश्न योग्य टेबलावर जाऊन पडला. राज्याच्या औषधखरेदीचा घोळ जुना आहे. २०१७पासून ती हाफकिनकडे दिली, २०२३मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण केलं. या सगळ्या उलथापालथीत शेवटच्या दवाखान्यातल्या रिकाम्या कपाटाची शिवी मात्र तिथल्या सिस्टरने खाल्ली. चांगल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी तक्रार हवीच असते. कित्येक जण खासगीत सांगतात, तुम्ही लिहून द्या, म्हणजे मला वर पाठवता येईल.

त्याच्या अगदी उलटा प्रकार आता बोकाळलाय. मोबाइल चालू करून दवाखान्यात घुसायचं, ड्युटीवरच्या नर्सच्या तोंडापुढे कॅमेरा धरायचा, “ताई, उत्तर द्या, जनता बघतेय.” संध्याकाळपर्यंत रील व्हायरल, भाऊ नेता. दुसऱ्या दिवशी नर्स रजेवर, आणि दवाखान्यात होती ती एक व्यक्तीही गेली. आरोग्यसेवकांवरच्या हिंसेविरुद्ध राज्यात २०१०चा कायदा आहे, हे या भाऊंना गुन्हा दाखल झाल्यावर कळतं. पण कायदा सोडा, या आरडाओरड्याने औषध येत नाही. औषध कुठे अडलं, हे त्या नर्सला कसं ठाऊक असणार?

आणि आशाताईला तर मुळीच धारेवर धरू नका. गावातल्या प्रत्येक प्रश्नाचा पहिला फटका तिला बसतो, कारण ती हाताशी सापडते. मोबदला तुटपुंजा, तोही वेळेवर नाही, कामं मात्र सर्व्हेपासून गोळ्यांपर्यंत. खरं तर ती तुमची पहिली साक्षीदार आहे. कुठल्या घरात काय अडलं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नसतं, फक्त तिला ते उघड बोलता येत नाही. तिच्याजवळ बसा, ऐका, आणि विचारायचं ते वर विचारा, तिचं नाव न घेता.

ज्यांना अठरा पूर्ण नाहीत, ज्यांचं ग्रामसभेच्या मतदारयादीत नाव नाही, त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी माझ्याकडे एक आवडतं काम आहे: टेप घेऊन बाहेर पडणं. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या सहाव्या कलमानुसार शाळेपासून १०० यार्डांत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत, आणि अठरा वर्षांखालच्यांना तर कुठेच विकता येत नाहीत. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटरच्या थोडं पुढे. टपरीवाला म्हणतो, मी लांब आहे. तो फाटकापासून, रस्त्याच्या वळणाने मोजतो. नियम सांगतो की अंतर शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, सर्व बाजूंनी सरळ मोजायचं. खेळाच्या खोलीतला तीस मीटरचा टेप तीनदा लावला की जवळपास काम झालं. नववीच्या पोरांना भूमितीच्या तासाला वर्तुळ आणि त्रिज्या शिकवायची एवढी चांगली सोय दुसरी नाही. वर्तुळात किती टपऱ्या पडतात याचा नकाशा काढायचा आणि मुख्याध्यापकांच्या सहीने एक प्रत ग्रामपंचायतीला, एक पोलीस ठाण्याला द्यायची. दंड दोनशे रुपयांपर्यंतच आहे, त्याने कुणाचं दिवाळं निघत नाही. टपरीवाला कुणाचा तरी काका असतो, त्याच्या पोराशी आपली पोरं खेळतात. त्याला गुन्हेगार ठरवण्यापेक्षा टपरी रेषेपलीकडे न्यायचा ठराव झालेला बरा. गुटख्याची गोष्ट वेगळी. तो राज्यात २०१२पासून बंद आहे आणि तरी ज्या दुकानात जाल तिथे आहे. त्याच्या मागच्या पुरवठादाराशी पंधरा वर्षांच्या मुलांनी भिडावं, असं मी कधीही सांगणार नाही. ते मोठ्यांचं काम आहे आणि मोठे ते करत नाहीत.

मुलींचं आणखी वेगळं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीपेक्षा हा आकडा वाढलेला होता. शाळेत लोहाची निळी गोळी आठवड्याला एक मिळायची असते. मिळते तिथेही पोरी ती खिडकीतून फेकतात, कारण कुणीतरी ती उपाशीपोटी घेतली आणि तिला मळमळलं. जेवून घे, शी काळी होते त्याला घाबरू नको, हे पोस्टर सांगू शकत नाही. वरच्या वर्गातली ताई सांगते. आणि गोळ्या दोन महिने आल्याच नाहीत, तर शाळेला अर्ज लिहिणारीही तीच असू शकते. मात्र गावात प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या बापाला संध्याकाळी पारावर टोमणा ऐकावा लागतो, आणि ती दलित किंवा पारधी वस्तीतली असेल तर टोमण्यावर भागत नाही. म्हणून एकट्या शूर पोरीच्या कौतुकाच्या बातम्या मला फारशा आवडत नाहीत. अर्जाखाली वीस सह्या असाव्यात, आणि त्या एकाच आळीच्या नसाव्यात.

या शेवटच्या बाबतीत जामखेड आठवतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७०मध्ये तिथे गेले. त्यांना पुढे, १९७९मध्ये, मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण सुरुवातीला गावातली वेगवेगळ्या जातींची तरुण मंडळी एकत्र यावीत म्हणून त्यांनी व्हॉलीबॉलचा आधार घेतला. नेटच्या दोन्ही बाजूंना एकत्र घाम गाळल्यावर मग शेतकरी मंडळं झाली, पाण्याचे आणि आरोग्याचे प्रश्न त्यांत आले. आज प्रत्येक गावात एक गणेश मंडळ आणि एक क्रिकेटचा संघ आहे, जोडीला व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. संघटना नव्याने उभी करायची गरजच नाही.

मग सुरुवात कुठून? गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती नावाची एक समिती तुमच्या गावात कागदोपत्री आहेच. तिच्यासाठी मूळ रचनेत वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी ठरला होता. समितीत कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, यंदा किती पैसे आले आणि कशावर गेले, हे चार प्रश्न साध्या कागदावर लिहा. दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. “ठेवून जा, बघतो,” असं म्हणतील. ठेवून जाऊ नका, पोच मागा. पोच नसलेला अर्ज केलाच नाही, असं समजायला कार्यालयं मोकळी असतात. उत्तर नाही आलं तर दहा रुपयांत माहितीचा अधिकार आहे, तीस दिवसांची मुदत आहे, वर अपील आहे. उत्तर आलं की ते ग्रुपवर टाका, मंदिराच्या भिंतीवर लावा, आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा म्हणून आधीच अर्ज द्या. ऐनवेळचा विषय म्हणून मांडलात तर चहा आलेला असतो आणि लोक उठायच्या बेतात असतात.

त्या सभेत कुणीतरी हमखास म्हणेल की दवाखाना जिल्हा परिषदेचा, डॉक्टर शासनाचे, हा आपल्या अखत्यारीतला विषय नाही. त्यासाठी राज्यघटनेची अकरावी अनुसूची मोबाइलवर उघडून ठेवा. १९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवायच्या विषयांची ती यादी आहे. क्रमांक २३वर आरोग्य आणि स्वच्छता आहे, आणि त्यात रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि दवाखाने असा स्पष्ट उल्लेख आहे. तेवढी ओळ मोठ्याने वाचा आणि ठरावाचा मसुदा सरपंचांच्या हातात द्या.