पग, पगार आणि मी

सोमवार सकाळ. कॉफी मशीनपाशी झोप घालवायचा प्रयत्न करत उभी होते. तेवढ्यात आमच्या टीममधली नवी मुलगी उड्या मारत आली. ‘अगं, इन्क्रिमेंट झालं! आता मी पग घेतेय. तुझ्याकडे आहे ना? कुठून घेतलास, सांग ना!’ मोबाइलवर पगचे वीस-पंचवीस फोटो तयार होते. ‘हाऊ क्यूट’ म्हणायला मी तोंड उघडलं आणि एकदम एप्रिलमधला तो रविवार आठवला. म्हटलं, ‘घेशील गं. पण आधी लंचला बस माझ्याबरोबर.’ त्या लंचला जे बोलले, तेच आज तुमच्याशी बोलतेय.

आपल्यापैकी बहुतेकांना पग भेटला तो टीव्हीवर. साल २००३. हचची ती जाहिरात आठवतेय ना? एक छोटा मुलगा आणि जिथे जाईल तिथे त्याच्या मागे दुडुदुडु चालणारा चीका नावाचा पग. पुढे २००७मध्ये हचचं व्होडाफोन झालं, मग तेही नाव बदललं. पण सोसायटीतल्या काकूंसाठी माझा मोदक अजूनही ‘हचचा कुत्रा’च आहे! त्या जाहिरातीनंतर पगला जी मागणी आली, ती वीस वर्षं झाली तरी ओसरलेली नाही.

मोदकचं खानदान मात्र टीव्हीपेक्षा बरंच जुनं. मूळ गाव चीन. तिथल्या राजदरबारात चपट्या तोंडाच्या छोट्या कुत्र्यांचे शतकानुशतकं लाड झाले. कपाळावरच्या सुरकुत्यांत तीन आडव्या रेघा आणि एक उभी दिसली, तर तो पग भारी. कारण चिनी लिपीत तसं लिहिलं की ‘राजा’ होतं! मग डच व्यापारी जहाजांतून त्याला युरोपात घेऊन गेले. १५७२ साली स्पॅनिश सैन्याने रात्री छावणीवर हल्ला केला, तेव्हा ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याला त्याच्या कुत्र्याने उठवून वाचवलं, अशी गोष्ट सांगतात. तो कुत्रा पगच होता, असं पगवाले छातीठोकपणे म्हणतात. झालं, पग राजघराण्याचा लाडका! याच विल्यमचा पणतू १६८८मध्ये इंग्लंडला गेला आणि पुढे तिथला राजा झाला. त्याच्यामागोमाग पगची फॅशनही इंग्लंडला पोचली. नेपोलियनच्या जोसेफिनकडेही पग होता. लग्नाच्या रात्री तो पलंगावरून हलेना आणि नेपोलियनलाच चावला, असा किस्सा आहे. मोदक रोज रात्री माझी उशी बळकावतो, तेव्हा मला नेपोलियनबद्दल फार सहानुभूती वाटते.

स्वभाव म्हणाल तर भन्नाट. सहा ते आठ किलो वजन, जिलबीसारखं शेपूट आणि चेहऱ्यावर कायम लोनचा हप्ता थकल्यासारखे भाव. राखणदार म्हणून शून्य मार्क. चोर आला तर मोदक त्याच्याकडे बिस्कीट मागेल. पण तुम्ही बॉसच्या शिव्या खाऊन घरी आलात की पायावर हनुवटी टेकवून बसणार तो हाच. किचनमधून हॉलमध्ये जा, हा मागे. बाथरूममध्ये जा, हा दाराबाहेर. जाहिरातवाल्यांनी तेवढं मात्र खरं दाखवलं होतं.

आता न दाखवलेलं. होगार्थ नावाच्या इंग्लिश चित्रकाराने १७४५ साली स्वतःच्या पोर्ट्रेटमध्ये आपल्या पगलाही बसवलं. नेटवर ते चित्र जरूर बघा. त्या पगचं नाक चक्क पुढे आलेलं आहे! म्हणजे आजचा चपटा चेहरा काही निसर्गाची देणगी नाही. तो माणसाने पिढ्यानपिढ्या, आपल्याला गोड वाटतो म्हणून, निवडून निवडून घडवलाय. हाड आखूड झालं, पण आतला मऊ भाग त्या प्रमाणात कमी झाला नाही. नाकपुड्या चिंचोळ्या आणि टाळूचा मऊ पडदा श्वासाच्या वाटेत. पग घोरतो ना, ते आपल्याला क्यूट वाटतं. बऱ्याचदा तो हवेसाठी धडपडत असतो.

त्यात कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा एसी. पगचा तो एसीच बिघडलेला.

त्या रविवारी मी आरामात उठले आणि साडेदहाला मोदकला खाली नेलं. फक्त दहा मिनिटं! गेटपाशी तो बसला, मग आडवाच झाला. तोंडाला फेस आणि जीभ जांभळी. वॉचमनकाकांनी गाड्या धुवायचा पाइप आणून त्याला भिजवलं, मी ओढणीने वारा घातला आणि तसाच ओला घेऊन रिक्षात बसले. डॉक्टर म्हणाल्या, ‘आधी भिजवलंत म्हणून वाचला.’ पुढच्या महिन्यात नाकपुड्या आणि टाळूचं ऑपरेशन झालं. त्याचं बिल माझ्या पगारापेक्षा मोठं होतं. पण पैशापेक्षा जास्त टोचली ती दुसरीच गोष्ट. त्याच्या त्या घुरघुरण्याचे व्हिडिओ मी तीन वर्षं कौतुकाने सगळ्यांना पाठवत होते.

त्यामुळे ज्यांच्या घरी पग आहे, त्यांच्यासाठी थोडा अभ्यास. उन्हाळ्यात फिरणं ऊन चढायच्या आधी किंवा सूर्य मावळल्यावर, रस्ता गार झाला की. गळ्यात पट्टा नको, छातीला हार्नेस घाला. चेहऱ्याच्या घड्या रोज पुसून कोरड्या करा, नाहीतर आत जंतू माजतात. डोळे बाहेर आलेले असतात, त्यांना पटकन इजा होते. लाल दिसले किंवा तो डोळा मिटून बसला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. वजन वाढू देऊ नका. तो केविलवाणं बघेल, विरघळू नका. चरबी वाढली की श्वास आणखी अडकतो. केस इतके गळतात की काळी पॅंट विसराच. विमानाने न्यायचा बेत असेल तर आधी विचारा, अनेक कंपन्या चपट्या नाकाचे कुत्रे नेत नाहीत. आणि ऊन लागलंच, तर आधी साध्या पाण्याने भिजवा, वारा घाला आणि मग पळा.

ज्यांच्या घरी अजून नाही, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२२मध्ये सांगितलं, की तब्येतीच्या दृष्टीने पगला आता ‘सर्वसाधारण कुत्रा’ म्हणताच येणार नाही. आणि ज्या नेदरलँड्सने पगला डोक्यावर घेतलं, तिथेच २०१९पासून नियम आहे, की नाक कवटीच्या लांबीच्या एक तृतीयांश तरी हवं, तरच त्या कुत्र्याची पैदास करायची. आपल्याकडे २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची नोंदणी लागते. तरीही घ्यायचाच असेल तर कागद बघा, पिल्लाची आई बघा आणि ती श्वास कसा घेतेय ते कान देऊन ऐका. त्यापेक्षा लोकांनी सोडून दिलेले पग शेल्टरमध्ये असतात, त्यातला एखादा आणा. किंवा सरळ आपला गावठी आणा, त्याचं नाक मस्त लांब असतं!

लंच संपलं, तेव्हा ती गप्प होती. मग म्हणाली, ‘पण तुझं मोदकवर प्रेम आहे ना?’ जाम आहे. म्हणूनच मी दुसरा पग विकत घेणार नाही.

तिने अजून काही ठरवलेलं नाही. येत्या रविवारी मोदकला भेटायला येतेय. सकाळी सातला बोलावलंय, ऊन चढायच्या आत.