सर्व्हर सुरू होतो, राखण मात्र उठते

इनिट बदलायचा म्हटले की सगळ्यांना एकच धास्ती असते: सर्व्हर पुन्हा सुरू झाला नाही तर? धास्ती खोटी नाही. कर्नल सर्वांत आधी चालवतो तो हा प्रोग्राम, प्रोसेस क्रमांक 1. तो मेला की कर्नल पॅनिक. पण हा बिघाड निदान समोर दिसतो. जुना प्रोग्राम डिस्कवर शिल्लक असेल, तर ग्रब या बूटलोडरच्या ओळीत 'इनिट=' पुढे त्याचा पाथ देऊन मशीन उठवता येते.

मला भीती वाटते ती सुरळीत सुरू झालेल्या सर्व्हरची.

फेब्रुवारी 2014 मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने डीफॉल्ट इनिट म्हणून सिस्टिमडीची निवड झाली. त्याच वर्षी नाराज मंडळींनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. एकाच प्रोग्रामच्या हाती इतकी कामे नकोत, हा त्यांचा आक्षेप मला आजही वजनदार वाटतो. मात्र तत्त्व पटले म्हणून चालता सर्व्हर सिस्टिमडीवरून दुसऱ्या इनिटवर हलवणे ही निराळी जोखीम आहे.

सिस्टिमडीच्या युनिट फाइलमध्ये एखादीच ओळ असते: 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर'. मेमरी संपून रात्री डेटाबेस मारला गेला, तर या ओळीमुळे तो पुन्हा उभा राहतो. 'प्रायव्हेटटेम्प', 'नोन्यूप्रिव्हिलेजेस' या ओळी सर्व्हिसला कुंपण घालतात. सिसव्हीइनिट या जुन्या इनिटची स्क्रिप्ट यातले काहीच वाचत नाही. सर्व्हिस सुरू होते, वेबसाइट उघडते, आणि राखण उठलेली कुणाच्या ध्यानातही येत नाही. रनिट हा आणखी एक इनिट पडलेली सर्व्हिस स्वतःहून उठवतो, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवे. ठरल्या वेळी काम चालवणारे सिस्टिमडीचे टायमर मात्र त्याच्याकडेही नाहीत.

टायमरचे प्रकरण सर्वांत घातक. सर्टबॉटसारख्या डेबियन पॅकेजांनी क्रॉनची पर्यायी सोय ठेवलेली असते. आपण हाताने लिहिलेला बॅकअपचा टायमर मात्र नुसता थांबतो. एररही येत नाही, कारण तक्रार करणाराच गेलेला असतो. डिस्क दगावते त्या दिवशी शेवटचा बॅकअप इनिट बदलण्याच्या आदल्या रात्रीचा निघतो.

म्हणून बदलाआधी 'सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स'ची यादी उतरवून घ्यावी, प्रत्येक युनिट फाइल ओळीओळीने वाचावी आणि सर्व्हरच्या प्रतीवर सर्व्हिसेस 'किल -9' ने मुद्दाम मारून पाहाव्यात. एवढा वेळ नसेल, तर नवा इनिट नव्या मशीनवर लावावा आणि जुन्या सर्व्हरला हात लावू नये.