माजघरापर्यंत उजेड

बेळगावच्या टिळकवाडी, शहापूर, वडगावातले किंवा निपाणीतले जुने कौलारू घर वाढवायचे म्हटले की बहुतेक नकाशे एकाच वाटेने जातात. परड्यात दोन खोल्या, वर स्लॅब, आणि त्या खोल्या थेट जुन्या मागच्या भिंतीला चिकटवलेल्या. बाजूच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे आतल्या खोल्यांना उजेड मिळायचा तो मागूनच. तोही बंद होतो. घर मोठे होते आणि माजघरात भरदुपारी दिवा लावावा लागतो.

निपाणीत तर हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. घरी विड्या वळणाऱ्या बायका सूप मांडीवर घेऊन उंबऱ्यापाशी बसतात. पानाची शीर दिसेल इतका उजेड तेवढ्याच जागी असतो.

राष्ट्रीय इमारत संहिता खिडकीपासून ७.५ मीटरपलीकडचा भाग उजेडाचा धरतच नाही. सोपा, माजघर, स्वयंपाकघर ही रांग सहज १० मीटर भरते. रस्त्याकडची खिडकी कितीही रुंद केली तरी आतल्या खोल्यांना तिचा फारसा उपयोग नाही. उजेड वरून किंवा मागूनच आणायला हवा.

वरून आणताना आपण नकाशे काढणारे सर्रास छतात आडवी काच बसवतो. ते टाळावे. आपण सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो. ऐन उन्हाळ्यात खोली भट्टी होते आणि मृग लागला की काचेच्या कडेने गळती सुरू होते. काच उभी हवी. आढ्याजवळचा पाखा उचलून दोन फूट उंचीची, दक्षिणेकडे तोंड असलेली काच बसवा आणि तिच्यावर फूटभर छज्जा काढा. मेमधले दुपारचे ऊन काचेला शिवत नाही. डिसेंबरात सूर्य सुमारे ५० अंशांवर असतो, तेव्हा काचेच्या खालच्या भागातून ऊन आत येते आणि बेळगावच्या थंडीत ते हवेच असते. पाऊस नैर्ऋत्येचा, म्हणून ही काच उघडझाप करणारी नको. पक्की बसवा आणि सांध्यांवर पत्रा मारून घ्या.

मागून उजेड हवा तर जुने आणि नवे यांत मोकळा चौक सोडा, समोरची भिंत चुन्याने पांढरी करा. दोन खोल्यांची एक झाली तरी चालेल. मालक जागा वाया गेली म्हणतील. त्यांना समजावणे हे आपलेच काम आहे.

शाकारणीचे दिवस जवळ आले आहेत. नकाशा काढण्याआधी आढ्याजवळची चार कौले काढा आणि मालकांना माजघरात उभे करून उजेड दाखवा.